क्लास, ऑब्जेक्ट आणि पडद्यावरची फेरीबोट

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, तेरेखोल नदी जिथे अरबी समुद्राला मिळते तिथे तिच्या दक्षिण काठावर केरी हे गाव आहे. समोरच्या काठावर तेरेखोलचा किल्ला, त्याच्या मागे रेडी आणि शिरोडा, म्हणजे महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा, आणि दोन्ही काठांच्या मधे नदी परिवहन खात्याची फेरीबोट, अशी या गावाची ओळख आहे. घरात कोकणी बोलली जाते. प्राथमिक शाळा, देऊळ, दशावतार आणि वर्तमानपत्र यांत मराठी चालते. पाचवीपासून मात्र बहुतेक विषयांची पुस्तके इंग्रजीत येतात. अशा गावातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला संगणकाकडून चित्रे काढून घेण्याची, खेळ रचण्याची, त्रिमित आकृत्या घडवण्याची विद्या शिकायची असेल, तर ती पाठ, पुस्तके आणि ध्वनिचित्रफिती यांच्या आधारे कितपत शिकता येते, आणि शिकताना नेमके कुठे अडते, याचा शोध हा या लेखाचा विषय आहे.

या विद्येचे दोन भाग आहेत. पहिला भाग ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगचा. यात माहिती आणि त्या माहितीवर चालणाऱ्या क्रिया एकत्र बांधून स्वतंत्र घटक तयार केले जातात, आणि अशा घटकांच्या परस्परव्यवहारातून संपूर्ण कार्यक्रम उभा राहतो. दुसरा भाग कॉम्प्युटर ग्राफिक्सचा, म्हणजे अंकांपासून चित्र निर्माण करण्याच्या तंत्राचा. अभ्यासक्रमांत हे दोन भाग बहुधा वेगळ्या सत्रांत आणि वेगळ्या पुस्तकांत शिकवले जातात. त्यांचा इतिहास मात्र एकमेकांत गुंतलेला आहे आणि नवशिक्यालाही ते एकत्र शिकणेच सोपे जाते.

चित्रातून जन्मलेला विचार

१९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘स्केचपॅड’ नावाचा कार्यक्रम आपल्या प्रबंधासाठी लिहिला. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेषा आणि वर्तुळे काढता येतील अशी सोय त्यात होती, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की स्केचपॅडमध्ये एक मूळ आकृती एकदा काढून तिच्या हव्या तितक्या प्रती चित्रात ठेवता येत, आणि मूळ आकृतीत बदल केला की तो सर्व प्रतींत आपोआप उमटत असे. मूळ आणि प्रती यांचे हे नाते पुढे क्लास आणि ऑब्जेक्ट या जोडीत दिसते: क्लास म्हणजे घटक कसा असावा याचे वर्णन, आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या वर्णनावरून संगणकाच्या स्मृतीत प्रत्यक्ष तयार झालेला घटक.

त्याच दशकात नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी प्रत्यक्ष जगातील व्यवहारांची प्रतिकृती संगणकावर चालवण्यासाठी ‘सिम्युला’ ही भाषा घडवली, आणि ‘सिम्युला ६७’ या तिच्या आवृत्तीत क्लास व वारसा (इन्हेरिटन्स) या कल्पना स्पष्ट स्वरूपात आल्या. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात १९६६ साली दाखल झालेल्या ॲलन के यांच्या वाचनात स्केचपॅडचा प्रबंध आणि सिम्युला ही दोन्ही एकापाठोपाठ आली, आणि त्यातून सत्तरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रात ‘स्मॉलटॉक’ ही भाषा जन्मली. बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ साली बेल प्रयोगशाळेत सी या भाषेला क्लासची जोड देण्याचे काम सुरू केले व १९८३ पासून ही नवी भाषा ‘सी प्लस प्लस’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९५ साली आलेल्या जावाने हाच विचार जगभरच्या महाविद्यालयांत पोहोचवला. पडद्यावरच्या आकृतीला स्वतःचे स्थान, रंग आणि वागणूक असते हे डोळ्यांना दिसते, म्हणून ऑब्जेक्टची कल्पना चित्राच्या आधाराने चटकन पटते. बँकेचे खाते किंवा विद्यार्थ्याचा हजेरीपट यांची नेहमीची पुस्तकी उदाहरणे तितकी पटत नाहीत, कारण त्यांत चूक झाली तरी पडद्यावर केवळ एक चुकीचा आकडा दिसतो.

फेरीबोटीचा क्लास

केरीच्या धक्क्यावर फेरीबोट लागते, तिचा पुढचा रॅम्प खाली येतो, मोटारी आणि दुचाक्या चढतात, माणसे कडेने उभी राहतात आणि बोट पलीकडे निघते. हाच व्यवहार पडद्यावर आणायचा झाला तर ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमधील जवळजवळ प्रत्येक मूलभूत कल्पनेशी गाठ पडते. यासाठी ‘प्रोसेसिंग’ हे मोफत साधन सोयीचे आहे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली एमआयटीत त्याची सुरुवात केली, त्याचा पाया जावा भाषेचा आहे, आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले की ते इंटरनेटशिवाय चालते.

प्रथम ‘फेरीबोट’ नावाचा क्लास लिहावा लागतो. बोट पडद्यावर कुठे आहे हे सांगणारे दोन अंक, तिचा वेग, तिची क्षमता आणि तिच्यावर चढलेल्या वाहनांची यादी ही तिची माहिती. चढवणे, उतरवणे, सरकणे आणि स्वतःचे चित्र काढणे या तिच्या क्रिया. क्षमतेपेक्षा जास्त वाहने घ्यायची नाहीत ही तपासणी चढवण्याच्या क्रियेतच लिहिली जाते आणि वाहनांची यादी बाहेरून थेट बदलण्याची मुभा ठेवली जात नाही. या बंदिस्तीला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. तिचे मोल कार्यक्रम शंभर ओळींच्या पुढे गेल्यावर कळते, कारण बोटीवर नको तितकी वाहने दिसू लागली तर चूक शोधण्यासाठी सगळ्या ओळी चाळाव्या लागत नाहीत; ती एकाच क्रियेत शोधावी लागते.

नंतर वाहनांचा विचार येतो. ‘वाहन’ या सामान्य क्लासपासून दुचाकी, मोटार आणि टेम्पो हे विशेष क्लास निघतात, त्यांना स्थान आणि रंग हे गुण वरच्या क्लासकडून आपोआप मिळतात, आणि प्रत्येकाने फक्त स्वतःचे वेगळेपण लिहायचे असते. या सोयीला इन्हेरिटन्स, म्हणजे वारसा, म्हणतात. बोट आपल्या यादीतील प्रत्येक वाहनाला ‘स्वतःचे चित्र काढ’ एवढीच आज्ञा देते. ते वाहन दुचाकी आहे की टेम्पो हे तिला माहीत असावे लागत नाही, आणि ज्याचे चित्र त्याच्याच रीतीने उमटते. एकाच आज्ञेला प्रत्येक घटकाने आपापल्या परीने दिलेला हा प्रतिसाद म्हणजे पॉलिमॉर्फिझम. उद्या रिक्षा वाढवायची झाली तर बोटीच्या क्लासमधली एकही ओळ बदलावी लागत नाही.

नवशिक्याची सर्वांत सामान्य चूक याच टप्प्यावर होते. फेरीबोट आणि मोटार दोन्ही चालतात म्हणून तो बोटीचा क्लास मोटारीपासून काढतो, आणि मग बोटीला चाके का आली हे त्याला कळत नाही. अशा वेळी संबंध शब्दांत बोलून पाहावा: मोटार हे वाहन आहे, म्हणून तिथे वारसा योग्य; बोटीकडे वाहने आहेत, म्हणून तिथे वाहनांची यादी योग्य. वारसा जपून वापरावा आणि शक्य तिथे एका घटकात दुसरा घटक ठेवावा, हा अनुभवी प्रोग्रामरांचा सल्ला या लहान उदाहरणातही पुरेपूर पटतो.

पडद्यावर हालचाल कशी दिसते

क्लास बरोबर लिहिला तरी चित्र हलत नाही, कारण हालचाल हा ग्राफिक्सचा प्रांत आहे. पडदा हा पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांचा जाळीदार पट असतो. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ या दरम्यानचे तीन अंक मिळतात, आणि त्यांच्या मिश्रणातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग मिळू शकतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असतील तर एका चित्रासाठी सुमारे साडेसोळा मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात सर्व ठिपक्यांचे रंग ठरवायचे असतात. हे काम अनेक ठिपक्यांवर एकाच वेळी करण्यासाठीच ग्राफिक्स कार्ड असते.

प्रोसेसिंगमध्ये ‘ड्रॉ’ नावाची क्रिया अशी सेकंदाला ६० वेळा आपोआप चालते. बोटीचे स्थान प्रत्येक वेळी थोडे पुढे सरकवले की ती चालताना दिसते, पण चित्र काढण्यापूर्वी आधीचा पडदा पार्श्वभूमीच्या रंगाने पुसला नाही, तर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बोटींची एक सलग लगड उमटते. कार्यक्रमात चूक असूनही संगणक कुठलीही तक्रार करत नाही. ही लगड पाहिल्यावर चलच्चित्र म्हणजे पुसून पुन्हा काढणे हे तत्त्व डोळ्यांनाच कळते, आणि पुढे पडदा लुकलुकू नये म्हणून नवे चित्र आधी स्मृतीत पडद्याआड तयार करून मग एकदम पुढे आणण्याची डबल बफरिंगची युक्तीही लगेच ध्यानात येते.

दुसरी अडचण दिशांची असते. शाळेत स्क्रॅच या ठोकळे जोडून कार्यक्रम रचण्याच्या भाषेवर काम केलेल्या मुलाला मंच ४८० बाय ३६० चा, शून्य मध्यभागी आणि वर जाताना वाढणारा उभा अंक, अशी गणिताच्या वहीतलीच मांडणी माहीत असते. प्रोसेसिंगमध्ये मात्र शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असते आणि उभा अंक खाली जाताना वाढतो, त्यामुळे पाण्यावर ठेवलेली बोट आकाशात दिसते. पाठ लिहिणाऱ्याने हा फरक एका वाक्यात सांगितला नाही तर शिकणाऱ्याची अख्खी संध्याकाळ त्यात जाऊ शकते.

साधी तिरपी रेषा काढण्यामागेही सुंदर गणित आहे. ठिपके जाळीत बसलेले असतात आणि तिरपी रेषा त्यांच्या मधून जाते, म्हणून प्रत्येक पावलावर कोणता ठिपका निवडायचा हे ठरवावे लागते. आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली केवळ पूर्णांकांची बेरीज आणि तुलना यांवर चालणारी रीत शोधली, ज्यात भागाकार किंवा अपूर्णांक लागत नाहीत. ही रीत चौकटीच्या वहीवर पेन्सिलने करून पाहता येते, आणि शून्य-शून्यपासून आठ-तीनपर्यंतची रेषा स्वतःच्या हाताने एकदा काढली की अल्गोरिदम, म्हणजे उत्तरापर्यंत नेणारी ठरावीक पायऱ्यांची कृती, ही कल्पना पक्की होते. त्रिमित चित्रातही शेवटी हेच घडते: प्रत्येक आकार लहान त्रिकोणांत मोडला जातो, त्रिकोणांचे शिरोबिंदू मॅट्रिक्सच्या गुणाकाराने फिरवले आणि सरकवले जातात, मग ते सपाट पडद्यावर प्रक्षेपित होतात, आणि प्रकाशाची दिशा पाहून ठिपके रंगवले जातात. अकरावी-बारावीच्या गणितातील मॅट्रिक्स आणि व्हेक्टर यांचा उपयोग काय, या प्रश्नाचे इतके दृश्य उत्तर दुसरीकडे क्वचित मिळते.

पुस्तकांपासून मराठी ध्वनिचित्रपाठांपर्यंत

मराठी मुलखातील एका पिढीने प्रोग्रामिंग शिकले ते पुस्तकांतून, आणि त्यात नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे इंग्रजी पुस्तक देशभर पोहोचले. सोपी वाक्ये, लहान कार्यक्रम आणि प्रकरणाच्या शेवटी भरपूर प्रश्न ही त्याची रचना होती. त्या काळात ग्राफिक्स म्हणजे टर्बो सी या साधनातील तयार चित्रक्रियांचा संच असे, ज्यात ६४० बाय ४८० ठिपक्यांवर १६ रंगांत काम होई. तो संच आजही काही प्रयोगशाळांत डॉसबॉक्स या जुन्या काळाची नक्कल करणाऱ्या कार्यक्रमाच्या आत चालवला जातो. रेषा आणि वर्तुळ यांच्या रीती शिकायला तो पुरेसा होता, पण सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले आणि टर्बो सी त्याच्या आधीचे आहे, म्हणून त्यावर शिकलेल्या अनेक सवयी आजच्या साधनांवर चालत नाहीत. जुना पाठ हातात पडलेल्या शिकाऊ मुलाला पहिल्याच ओळीत चूक दाखवली जाते, आणि चूक आपली नसून पाठाच्या वयाची आहे हे त्याला सांगणारे कोणी नसते.

या बाबतीत मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा उपक्रम मोलाचा आहे. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला, आणि जावा, सी व सी प्लस प्लस, पायथन, ब्लेंडर, जिम्प, इंकस्केप अशा खुल्या साधनांवर साधारण दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ त्यात तयार झाले. पाठ बनवण्याची त्यांची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. आधी संपूर्ण संहिता लिहिली जाते, विषय न येणाऱ्या व्यक्तीकडून ती करून पाहिली जाते, आणि ती अडली तर संहिता सुधारली जाते. त्यानंतरच चित्रण होते. चित्र आणि निवेदन वेगळे ठेवल्याने निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करता येते. पडद्यावरील मजकूर मात्र इंग्रजीतच राहतो, त्यामुळे शिकणाऱ्याला कारणमीमांसा आपल्या भाषेत ऐकायला मिळते आणि ज्या इंग्रजी आज्ञांशी पुढे आयुष्यभर काम करायचे त्यांची ओळखही सुटत नाही. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ आणि उरलेल्या अर्ध्यात प्रत्यक्ष साधन उघडे ठेवून, पाठ थांबवत थांबवत तीच कृती करावी अशी त्यांची शिकवण आहे, आणि हे पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय पाहता येतात. पावसाळ्यात वीज आणि जोडणी यांचा भरवसा नसलेल्या गावांसाठी ही सोय फार महत्त्वाची आहे.

ब्लेंडर या त्रिमित चित्रांच्या साधनाची कथाही शिकणाऱ्याला धीर देणारी आहे. नेदरलँड्सच्या टॉन रोझेनडाल यांनी घडवलेले हे साधन त्यांची कंपनी बंद पडल्यावर लुप्त होणार होते, पण २००२ साली जगभरच्या वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवले आणि ऑक्टोबरमध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. ब्लेंडरमध्ये ऑब्जेक्ट आणि त्याची आकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिफ्ट आणि डी ही बटणे दाबून नारळाच्या झाडाची प्रत काढली तर ती स्वतंत्र आकृती होते. ऑल्ट आणि डी दाबले तर प्रतीची जागा वेगळी, पण आकृती सामायिक राहते, आणि एका झाडाची झावळी वाकवली की किनाऱ्यावरची सगळी झाडे वाकतात. सदरलँड यांच्या स्केचपॅडमधील मूळ आणि प्रती साठ वर्षांनंतर अशा रीतीने घरच्या संगणकावर हाती लागतात.

यापुढची पायरी म्हणजे पीटर शर्ली यांचे ‘रे ट्रेसिंग इन वन वीकेंड’ हे मोफत उपलब्ध असलेले छोटे पुस्तक. डोळ्यापासून निघालेला किरण दृश्यातील कोणत्या वस्तूवर आदळतो आणि तिथून कुठे वळतो याचा माग काढून चित्र बनवण्याची रीत ते सी प्लस प्लसमध्ये शिकवते. त्यात चित्र साध्या मजकुराच्या फाइलमध्ये अंकांच्या रूपात लिहिले जाते, त्यामुळे महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. व्हेक्टर, किरण, गोल आणि पदार्थ यांचे क्लास एकेक करून उभे राहतात. आणि धातू, काच व खडबडीत पृष्ठभाग हे एकाच ‘पदार्थ’ क्लासचे वारस असल्याने ‘किरण परतव’ या आज्ञेला तिघे तीन तऱ्हांनी उत्तर देतात. ऑब्जेक्ट आणि चित्र यांचे नाते इतके नेटके दाखवणारे मोफत पुस्तक शोधूनही सापडणे कठीण आहे.

गोव्याच्या शाळा आणि घरातला संगणक

गोव्यात या शिक्षणासाठी लागणारी जमीन बरीच आधी नांगरली गेली आहे. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना २००२ च्या सुमारास ‘सायबरएज’ योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले, आणि अलीकडे राज्य सरकारच्या ‘केअर्स’ योजनेतून सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आणि रोबोटिक्स आले. कोडिंगची सुरुवात स्क्रॅचसारख्या ठोकळ्यांच्या भाषेपासून होते हे योग्यच आहे, कारण स्क्रॅचमधील प्रत्येक स्प्राइट, म्हणजे मंचावरील पात्र, स्वतःची माहिती आणि स्वतःच्या आज्ञा बाळगणारा घटकच असतो, आणि त्याची क्लोन ही प्रत काढली की मूळ आणि प्रती यांचा धडा सहावीतच गिरवला जातो.

प्रश्न पुढच्या वाटेचा आहे. आठवीनंतर दहावीची परीक्षा समोर येते, ठोकळे मागे पडतात, आणि अकरावीला किंवा डिचोलीजवळच्या मये येथील शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेत गेल्यावर टाइप करून लिहायची भाषा एकदम समोर येते. मधल्या दोन-तीन वर्षांत स्क्रॅचकडून पायथन किंवा प्रोसेसिंगकडे नेणारा पूल शाळेने बांधला नाही तर मुलगा स्वतः शोधाशोध करतो, आणि मग अडचण साहित्याच्या विपुलतेची होते: एक पाठ जुन्या आवृत्तीचा, दुसरा नवीचा, तिसरा मधूनच सुरू झालेला. शिवाय बहुतेकांच्या हाती असतो तो मोबाईल. त्यावर पाठ पाहता येतो, पण दोनशे ओळी लिहून चूक शोधणे जवळजवळ अशक्य असते. ब्लेंडरच्या नव्या आवृत्त्या जुन्या ग्राफिक्स चिपवर चालत नाहीत, आणि जुन्या आवृत्त्या अजूनही उतरवून घेता येतात हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नक्कल आणि शिक्षण

पाठ पाहून तशाच ओळी लिहिल्या की चित्र उमटते आणि आपल्याला आले असे वाटू लागते, पण ही समजूत फसवी असते. पाठातील बोटीऐवजी दोन बोटी विरुद्ध दिशांनी चालवून पाहाव्यात, क्षमता कमी करून मागे राहिलेल्या वाहनांची रांग धक्क्यावर उभी करावी, भरती-ओहोटीप्रमाणे पाण्याची पातळी बदलावी. यातला एक बदल पाठ न पाहता जमला तर कल्पना अंगवळणी पडली असे समजावे. दुसरी बोट हवी असेल तर क्लास पुन्हा लिहावा लागत नाही, फक्त दुसरा ऑब्जेक्ट निर्माण करावा लागतो, हे ज्याला स्वतःच्या पडद्यावर दिसले त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही.

हे शिक्षण पूर्णपणे एकट्याने होत नाही. चूक सांगणारा संदेश वाचून दाखवणारा, ‘कुठली ओळ बदललीस?’ असे विचारणारा कोणीतरी लागतो, आणि तो मोठा तज्ज्ञ असण्याची गरज नसते. दोन पाठ पुढे असलेला विद्यार्थीही पुरतो. म्हणून पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील शाळांनी आपल्या संगणककक्षांची दारे शाळा सुटल्यावर दोन तास माजी विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवावीत, स्पोकन ट्यूटोरियलचे मराठी पाठ, स्क्रॅच, प्रोसेसिंग आणि ब्लेंडरची त्या यंत्रांवर चालणारी आवृत्ती तिथे आधीच उतरवून ठेवावी, आणि नववी-दहावीच्या मुलांसाठी ठोकळ्यांपासून क्लासपर्यंत नेणारी मराठीतील एक पातळ क्रमपुस्तिका शिक्षकांनी मिळून लिहावी. साधने मोफत आहेत आणि पाठ आपल्या भाषेत मिळू लागले आहेत. ते योग्य क्रमाने मुलांच्या हाती देणे हे आता शिक्षकांचे, पालकांचे आणि मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक जाणकाराचे काम आहे, आणि ते येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच सुरू व्हायला हवे.